कॅनडातल्या सस्कॅचेवानात जुन्या प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानातल्या, जीवनाचा हेरिटेज डे असतो. मुलांना न्यावं का? आपल्याला त्यात काय?

न्या. "आपल्याला त्यात काय" हे आमचे साडूभाऊ दरवर्षी म्हणतात, म्हणून लिहायला बसलो. शेतीतून सुटायला शिकलो, आता तिकीट काढून मळणी बघायची का, हा त्यांचा सवाल.

रिजायनाजवळच्या एका गावात गेलो होतो. जुनं मळणी यंत्र, समोर तितकाच जुना ट्रॅक्टर, मधे लांबलचक पट्टा. पेंढ्या टाकायला माणसं कमी पडत होती, मी शिरलो. ओंब्या पुढे करून टाकायची, हे मला सांगावं लागलं नाही; आजोबांच्या खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरताना बघत वाढलोय. "कुठे शिकलास?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं. सोलापूर जिल्हा म्हणून त्याला काय कळणार! एक पेंढी सुटली होती, ती गव्हाच्याच काडाला पीळ देऊन बांधून दाखवली. मग दुपारभर त्याने मला सोडलं नाही. साडूभाऊ सावलीत सरबत पीत बसलेले.

आणि आपलं काय म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. ज्या मार्क्विस गव्हावर ही प्रेअरी वर आली, तो रेड फाइफ हा तिथला जुना गहू आणि हिंदुस्थानातून आलेला हार्ड रेड कलकत्ता यांचा संकर. रेड फाइफच्या आधी पिकायचा, म्हणून थंडीच्या तडाख्यातून वाचायचा. साडूभाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, कलकत्ता कुठे महाराष्ट्रात आहे!

लोणी घुसळणं, लोहाराचा भाता यांत वेळ घालवू नका, ते मुलांना गावी दाखवता येईल. मुळांसकट कापलेल्या गवताच्या थरांचं घर असेल तर मात्र आत नेऊन उभं करा. 10 डॉलर भरून 160 एकर मिळवणारे लोक इथला हिवाळा तसल्या घरात काढत.

एक राहिलं. 1872 च्या कायद्याने वाटलेली ती जमीन रिकामी पडली होती, असा सूर या दिवशी हमखास लागतो. तो साफ खोटा. क्री आणि इतर मूळनिवासी लोक इथे होतेच. ज्यांची शिकार करून ते जगत ते बायसन, म्हणजे रानगव्यांसारखे प्राणी, संपले, पोटाला अन्न उरलं नाही आणि ते राखीव जमिनींवर ढकलले गेले. तेव्हा सॅस्कटूनजवळचं वानुस्केविन हे वारसास्थळही मुलांना दाखवाच, तिथे 6,000 वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा आहेत.

भुसा फार उडतो, दमा असेल तर लांब थांबा. पोरांना पट्ट्याजवळ फिरकू देऊ नका. साडू बरोबर असेल तर त्याला पेंढ्या टाकायला लावा.