घरी विमान बनवताना खरा धोका कशात असतो?

तुमचा भाचा यूट्यूब पाहून अंगणात एकट्यापुरतं विमान बनवतोय आणि उडवताना पडला तर काय, असं तुम्ही विचारलंय. भाऊ, पडणं फार पुढचं. आमचं तर जमिनीवरून उठलंही नव्हतं.

२००९ मध्ये माझ्या साळ्यानं जुन्या मोटरसायकलचं इंजिन लावून मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, करायला घेतलं. माझं नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप, त्यामुळे पंखा, म्हणजे प्रोपेलर, माझ्याकडे आला. सागवानाच्या पट्ट्या चिकटवून, तासून, पोळ्याच्या आठवड्यात तो हबवर, म्हणजे इंजिनकडच्या मधल्या चकतीवर, चढवला. सहाही बोल्ट मी स्वतः टॉर्क रेंचनं, म्हणजे नेमका जोर मोजून कसणाऱ्या पान्यानं, कसले. मग पैसे संपले आणि इंजिन सुरू करायला पुढचा मे उजाडला. काटोल रोडला ओळखीच्या शेतात सांगाडा खुंट्याला बांधला. मी म्हटलं, बोल्ट एकदा पाहू दे. साळा म्हणाला, "तुम्ही तं उगाच भेता भाऊजी, कसलेलेच आहेत ना!" आणि रेस दिली.

आधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मग पंखा हबपाशी चिरला आणि अर्धा उडाला. एक ढलपी त्याच्या दंडात घुसली, १४ टाके पडले. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा पंख्याच्या रेषेपासून चार पावलं मागे उभा होता. ती चार पावलं मला आजही दिसतात.

नंतर पाहिलं तर उरलेले बोल्ट बोटांनी फिरत होते आणि हबखालचं लाकूड घासून काळं पडलं होतं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड आपल्या उन्हाळ्यात सुकून आकसतं, बोल्टची पकड जाते. लाकडी पंख्याचे बोल्ट ऋतू बदलला की पुन्हा कसायचेच असतात. साळा मात्र आजही प्रत्येक लग्नात सांगतो, "भाऊजींनी नट ढिले ठेवले." ढिले ठेवले नव्हते. ढिले झाले होते, आणि तू पाहू दिले नाहीस.

१९०८ मध्ये खुद्द राइट बंधूंपैकी ऑरविलच्या विमानाचा पंखा हवेत तडकला आणि सोबत बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला २०२१ मध्ये एक हुशार पोरगा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी घेताना पातं तुटून डोक्याला लागल्यानं गेला. फिरणाऱ्या पात्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, एवढं तरी भाच्याकडून पाळून घ्या.

परवानगीचं विचारलंत, तर डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याकडे, नोंदणी आणि उडवण्याचा परवाना दोन्ही लागतात. शिवाय मे महिन्यात चाचणी नको. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर असलं तरी ४५ अंशांत हवा इतकी विरळ होते, की विमान सुमारे १,४०० मीटरवर असल्यासारखं वागतं. धावायला जास्त जागा लागते, चढायला दम लागतो.

पोराला बनवू नको म्हणू नका. कांदिवलीत अमोल यादव यांनी गच्चीवर बनवलेलं विमान डीजीसीएकडे रजिस्टर झालंच की. पण ते स्वतः पायलट आहेत, हेही भाच्याला सांगा. आणि इंजिनची किल्ली तुमच्या खिशात ठेवा. बोल्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय देऊ नका, तो कितीही रुसला तरी. आमचं ते इंजिन अजून माझ्या वर्कशॉपात आहे. साळा मागतो. मी देत नाही.