स्थगिती मागायची तर बँकेला कागद नीट पोचव

भावा, खानापूरच्या घरावर ताब्याची नोटीस चिकटलीय म्हणतोस, तर आधी तिच्यावरची तारीख बघ. थकलेल्या कर्जापोटी बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा जो सरफेसी कायदा, त्याच्या कलम १७ खाली ताब्याविरुद्धच्या अर्जाला ४५ दिवस मिळतात, आणि तो बेळगावच्या दिवाणी कोर्टात चालत नाही. बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात करावा लागतो.

माणसं अडकतात ती कागद पोचवण्यात. अर्जाची प्रत, सगळ्या जोडपत्रांसकट, नोटिशीवर ज्याची सही आहे त्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावानं दे. शाखेतल्या ओळखीच्या साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप करून भागत नाही रे. हातोहात दिलीस तर आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेच. शिवाय पोस्टानं पाठव, पावती जप, ट्रॅकिंगचा कागद छापून घे आणि हे सगळं वकिलांकडून शपथपत्राला जोडून घे. नाहीतर बँक ‘प्रत मिळालीच नाही’ म्हणून तारीख मागते, आणि लिलाव तोंडावर असताना एक तारीख गेली तर घर जाऊ शकतं. म्हणून एवढं बजावतोय.

नुसता अर्ज केला म्हणून लिलाव थांबत नाही, अंतरिम स्थगिती, म्हणजे निकाल लागेपर्यंत कारवाई रोखणारा आदेश, वेगळी मागावी लागते. आदेश मिळाला की त्याची प्रत त्याच दिवशी त्याच अधिकाऱ्याला पोचव.

गहाणात शेतजमीन असेल तर वकिलांना सरफेसीच्या कलम ३१ बद्दल, म्हणजे शेतजमीन या कायद्यातून वगळणाऱ्या कलमाबद्दल, जरूर विचार.