बीजप्रक्रिया शिकायची कुणाकडे आणि कधी?

प्रश्न (महिला बचत गट, रेणापूर तालुका, जि. लातूर): सोयाबीनची उगवण तपासणी आणि बीजप्रक्रिया शिकून गावातच हे काम घ्यायचे आहे. सोबत गावातली चार तरुण पोरं आहेत. दुकानदार एका दिवसात फुकट शिकवतो म्हणतो. जावे का?

उत्तर: जाऊ नका. तिथे बियाण्याला चोळायच्या औषधाचा कोणता पुडा घ्यायचा एवढेच शिकवतात. माल विकणाऱ्याकडून मात्रा शिकू नका.

"पुडा अख्खा टाका, उगवण वाढते" हे मी गावोगाव ऐकतो. साफ खोटे आहे. कार्बोक्सिन अधिक थायरम या बुरशीनाशकाची मात्रा किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या पिशवीला ९० ग्रॅम. तराजूवर मोजा, मुठीने नाही. दुसरा घातक सल्ला, सगळे एकत्र कालवायचे. बुरशीनाशकासोबत कालवलेले रायझोबियम, म्हणजे जिवाणू खत, मरते, पैसे मातीत जातात. आधी बुरशीनाशक, मग सावलीत सुकवणे, जिवाणू खत सगळ्यात शेवटी आणि लगेच पेरणी. सोयाबीनचे टरफल नाजूक, पाणी जास्त झाले की सुटते. हलक्या हाताने चोळा, आणि हातमोज्याशिवाय बियाण्याला हात लावू नका. हे काम बायकांच्याच वाट्याला येते, म्हणून बजावून सांगतो.

खरे तर सुरुवात उगवण तपासणीपासून करा. घरच्या बियाण्यातले १०० दाणे न निवडता, सरसकट घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब मोजा. ७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली बियाणे वाढवावे लागते. ६० च्याही खाली गेले तर ते बियाणे पेरायचे नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. एवढे जरी गटाने गावात घरोघरी केले, तरी कितीतरी दुबार पेरण्या टळतील.

शिकायला कृषी विज्ञान केंद्रात जा, नाव सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या. पोरांना पुढे धंदाच करायचा असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासी प्रशिक्षण मोफत असते. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षात विचारा.

हे सगळे एप्रिल-मेमध्येच. मृग लागल्यावर शिकायला वेळ राहत नाही, घाईत दुकानदाराचेच ऐकले जाते. प्रशिक्षणाला जाताना घरचे दोन किलो बियाणे सोबत न्या आणि प्रत्येकीने स्वतःच्या हाताने प्रक्रिया करून बघा. नुसते व्याख्यान ऐकून परत येऊ नका.