तोट्यातल्या फुटबॉल क्लबने स्टेडियमभोवतालची जमीन बिल्डरला विकली तर क्लब वाचतो का?

नुसती जमीन विकून वाचत नाही. कर्ज फिटतं, पण दर महिन्याचा तोटा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी विकायला काही उरत नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनचं बघा. त्यांचं गोल्डस्टोन ग्राउंड १९९५ मध्ये विकलं गेलं, तेही नवं मैदान हातात नसताना. १९९७ मध्ये तिथे शेवटचा सामना झाला आणि हिरवळीच्या जागी दुकानं आली. मग दोन वर्षं ‘घरचे’ सामने थेट जिलिंगहॅमला, शंभरेक किलोमीटर लांब. चाहत्यांचे फार हाल झाले. हक्काचं नवं स्टेडियम मिळायला २०११ उजाडलं. मात्र मैदान क्लबच्याच नावावर ठेवून आजूबाजूची जागा भाडेपट्ट्याने दिली आणि भाडं क्लबच्याच खात्यात येत असेल, तर गणित बदलतं. करारात तसं स्पष्ट लिहिलंय का, ते आधी बघा.