टॅब अडला तर आधी घड्याळ बघ
कॉलेजात नवीन रुजू झाली आहेस, प्रवेशाच्या गर्दीत टॅब अडला तर गांगरू नकोस. आधी तारीख-वेळ बघ. बॅटरी पार उतरलेल्या टॅबची तारीख कधी कधी मागे जाते आणि नेट असूनही पोर्टल ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत उघडत नाही. सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक वेळ चालू कर, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. स्क्रीन गोठली तर पॉवरचं बटण बराच वेळ दाबून धर. काही मॉडेलांत आवाज कमी करायचं बटणही सोबत लागतं. टॅबमधलं सगळं पुसून टाकणारं फॅक्टरी रीसेट मात्र बॅकअपशिवाय कुणी कितीही सांगितलं तरी करायचं नाही, मुलांची स्कॅन केलेली कागदपत्रं त्यात असतात. प्रशिक्षणाची नोटीस लागली की नाव लगेच दे. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सेवापुस्तकात आत्ताच नोंदवून घे, वरची जागा निघाल्यावर धावपळ नको.