अरबीच्या प्राध्यापकांची यादी शेवटून वाचा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी कला शाखेत, मराठी माध्यमात आहे. तिला अरबी शिकून विद्यापीठात शिकवायचं आहे. दिल्लीच्या एका विद्यापीठातल्या अरबीच्या प्राध्यापकांच्या पदव्या तिनं वहीत उतरवल्या, तर बहुतेकांच्या नावापुढे आलिमियत, फजीलत असं काही निघालं. वडील विचारतात, "आमच्या घरात उर्दूही कोनाले येत नाही. पोरीले हे जमन का?")

भाऊ, नमस्कार.

पोरीनं यादी उतरवून काढली, हे मला फार आवडलं. पुष्कळ मुलं कोर्सचं नाव ऐकूनच फॉर्म भरतात. फक्त ती यादी तिला शेवटून, म्हणजे प्रत्येकाच्या सुरुवातीच्या पदवीपासून वर, वाचायला सांगा. आलिमियत आणि फजीलत या मदरशातल्या पदव्या. देवबंद किंवा लखनौच्या नदवासारख्या ठिकाणी सात-आठ वर्षं अरबी व्याकरण, जुनं काव्य आणि धर्मग्रंथ शिकून मुलं बाहेर पडतात. जामिया, अलीगढसारखी विद्यापीठं ठरावीक मदरशांच्या पदव्या मान्य करून त्यांना बीएला घेतात. मग एमए, पीएचडी. तुम्हाला दिसलेली बहुतेक नावं या वाटेनं आलेली असणार.

पण नोकरीच्या जाहिरातीत मदरशाची अट नसते. सहायक प्राध्यापकाला त्या विषयात 55 टक्क्यांनी एमए (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा) लागते. नेटला अरबी हा स्वतंत्र विषय आहे. जुलै 2023 पासून या पदाला पीएचडी सक्तीची राहिली नाही; तरी निवडीच्या वेळी बहुतेक उमेदवारांकडे ती असते, त्यामुळे मी तरी ती धरूनच चालायला सांगतो.

दुसरी वाट शून्यापासूनची आहे. दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) बारावीनंतर अरबीचा बीए ऑनर्स आणि पुढे एमए असा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. तिथे अक्षरओळखीपासून सुरुवात होते. हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीतही अरबी आहे, आणि तुम्हाला दिल्लीपेक्षा हैदराबाद जवळ. प्रवेशासाठी सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमाच्या मुलीला अरबीपेक्षा इंग्रजीच आधी अडवेल, म्हणून आतापासून रोज एक तास इंग्रजी वाचायला लावा.

आता अवघड भाग. वर्गात तिच्या शेजारी उर्दू येणारी मुलं असतील. लिपी त्यांच्या डोळ्यांखालची, अर्धे शब्द ओळखीचे. मदरशातून आलेला मुलगा एमएला पोचतो तेव्हा त्याचं व्याकरण पक्कं झालेलं असतं. हे अंतर खरं आहे आणि पहिली दोन वर्षं ते बोचेल. पण इंग्रजी चांगली असलेली शून्यापासूनची मुलं अनुवादात आणि आधुनिक साहित्यात पुढे निघालेली मी पाहिली आहेत. वहीत तिनं पीएचडीचे विषयही उतरवावेत. जुनं काव्य, आजची कादंबरी, भारतात लिहिलं गेलेलं अरबी, अनुवाद, यातलं आपलं काय, ते तिला त्यातूनच उमगेल.

लिपीसाठी थांबू नका. दारव्ह्यात, दिग्रसला, पुसदला उर्दू शाळा आहेत. एखाद्या सरांना किंवा मॅडमना विनंती करा, उन्हाळ्यात अक्षरं गिरवून होतील.

कायम जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबानं मानधन घेऊन, राबणारे प्राध्यापक तुम्ही यवतमाळात पाहिलेच असतील. अरबीतही गेस्ट म्हणून वर्षं जातात. आणि ही नोकरी घराजवळ मिळेल असं धरू नका. म्हणून एमएच्या वेळीच अनुवादाचं काम शिकून घ्यावं. इराक, येमेन, ओमानहून दिल्ली-हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यांत रुग्ण येतात, तिथे दुभाषे लागतात. मिळालीच कायम नोकरी, तर सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीच्या सुरुवातीला महिना 37,000 मिळतात. जेआरएफला वयाची अट आहे, नुसत्या नेटला नाही.

तुम्ही ओबीसी असल्याचं लिहिलंय. जेएनयू आणि हैदराबादचं ते विद्यापीठ ही दोन्ही केंद्रीय विद्यापीठं आहेत. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. निकालाची वाट न पाहता तहसीलमध्ये अर्ज आताच टाका. प्रवेशाच्या दिवसांत तिथे किती गर्दी असते, तुम्हाला ठाऊकच आहे.