तर्कशास्त्राच्या पेपरला घाबरून विषय बदलायचा का?

ठाण्याहून एका आईंचं पत्र आहे. त्या सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करतात. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, विषय तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र. भारतीय दर्शनांत गुण उत्तम. पण तर्कशास्त्रात प्रेडिकेट लॉजिक (वाक्यं चिन्हांत मांडायचं तर्कशास्त्र) सुरू झालं, क्वांटिफायर ('प्रत्येक'साठी उलटा ए आणि 'काही'साठी उलटा ई, ही चिन्हं) आले आणि चाचणीत वीसपैकी सहा मिळाले. "गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं, तर इथेही गणितच. पुढे मुख्य विषय मानसशास्त्र घ्यावा का? हे उलटे ए आणि उलटे ई शिकून नोकरी कोण देणार?" सोबत उत्तरपत्रिकेचे फोटो.

ताई, फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, नाहीतर मीही काहीतरी मोघम लिहिलं असतं. पेपर नीट पाहिला. गुण जिथे जिथे गेले आहेत, तिथे चूक बहुतेक एकाच जातीची आहे आणि तिचा गणिताशी काही संबंध नाही.

वाक्य होतं, 'प्रत्येक रिक्षावाला मीटरने येतो.' (ठाण्यात हे खरं की खोटं, तो विषय वेगळा.) लेकीने मांडलं: प्रत्येक क्षसाठी, क्ष रिक्षावाला आहे आणि क्ष मीटरने येतो. याचा अर्थ जगातली यच्चयावत वस्तू रिक्षावाला आहे; तुम्ही, मी, मासुंदा तलावसुद्धा! तिथे 'आणि' नको, 'क्ष रिक्षावाला असेल तर' हवं. 'काही रिक्षावाले मीटरने येतात' याचं मात्र उलट. तिथे 'आणि'च लागतो. 'जर-तर' घातलं, तर तलावाकडे बोट दाखवूनही ते विधान खरं ठरतं, कारण तलाव रिक्षावाला नाहीच, मग अट मोडायचा प्रश्न येतो कुठे? हे दोन नियम तिने आधी पक्के करावेत. त्यासाठी तिला आवडणारं न्यायदर्शनच, म्हणजे भारतीय दर्शनांतलं तर्काचं दर्शन, उपयोगी पडेल. 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचं कायमचं साहचर्य, तिला पाठ असणार. 'प्रत्येक'चं कुठलंही वाक्य आधी 'जो जो... तो तो' असं मोडून लिहायचं आणि मगच चिन्हांना हात घालायचा. 'जर-तर' आपोआप जागेवर येतं.

दुसरी चूक क्वांटिफायरांच्या क्रमाची. ही तुम्हीच तिला समजावू शकाल. 'प्रत्येक कर्जदाराला कोणी ना कोणी जामीनदार आहे' आणि 'असा एक जामीनदार आहे, जो प्रत्येक कर्जदाराला जामीन आहे' ही दोन वाक्यं तुमच्या शाखेत सारखी मानली, तर ऑडिटर काय करील ते मी सांगायला नको. चिन्हं दोन्हीकडे तीच. फक्त कोण आधी आणि कोण नंतर, एवढाच फरक. अशी 'प्रत्येक' आणि 'कोणीतरी' एकमेकांत अडकलेली वाक्यं ॲरिस्टॉटलच्या पद्धतीत नीट मांडता येत नव्हती. १८७९ साली जर्मन गणितज्ञ फ्रेगे याने ती गाठ सोडवली. म्हणजे दोन हजार वर्षं भल्याभल्यांना जे जमलं नाही, ते तुमची लेक एका सत्रात शिकते आहे. थोडी अडखळली तर अडखळू द्या.

आता नोकरी. स्पष्टच सांगतो, फक्त या पेपरच्या जोरावर नोकरी मिळत नाही, आणि तत्त्वज्ञानात नुसतं बीए करून थांबलं तर फार दारं उघडत नाहीत. पण हा पेपर पुढे बऱ्याच ठिकाणी भेटतो. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या यूजीसी नेटच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात क्वांटिफिकेशन आहेच. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२१ पासून मानव्यविद्यांचा पेपर आहे, त्यात तत्त्वज्ञान घेता येतं. एमए कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात करता येईल. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायची झाली, तर तिथेही तर्कावर प्रश्न असतात.

आणखी एक वाट आहे, जी आर्ट्सच्या मुलांना सहसा कोणी दाखवत नाही. ऐरोली-महाप्याच्या आयटी कंपन्यांत रोज वापरली जाणारी एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा. तिच्यामागचं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत, संगणकशास्त्रज्ञ कॉड याने १९७० मध्ये मांडलं, आणि त्याचा पाया प्रेडिकेट लॉजिकचाच. तिथे 'असा एक आहे का' विचारायला 'एक्झिस्ट्स' आहे, पण 'प्रत्येक'च्या, म्हणजे सर्ववाची, क्वांटिफायरसाठी तसा सरळ शब्द नाही. 'ज्याने प्रत्येक हप्ता भरला तो कर्जदार' शोधायचा, तर 'ज्याने भरला नाही असा एकही हप्ता नाही, तो कर्जदार' असं दोन नकार घालून विचारावं लागतं. इथे इंजिनिअर झालेली पोरंही गडबडतात. सुट्टीत तिने एसक्यूएलचा एखादा छोटा कोर्स करावा. आवडला तर पुढचा विचार करू, नाही आवडला तर बिघडलं काही नाही.

चाचणीतल्या सहा गुणांचं फार मनावर घेऊ नका. तिला म्हणावं, तीच उत्तरपत्रिका सरांकडे किंवा मॅडमकडे घेऊन जा आणि एकेक वाक्य मराठीतून मोठ्याने मांडून दाखव. घरी क्लास लावायची घाई नको.

मानसशास्त्राची खरी ओढ असेल, तर तिने खुशाल तेच मुख्य विषय म्हणून घ्यावं, चांगला विषय आहे. पण गणितापासून पळ काढायला म्हणून घेणार असेल, तर आधीच सांगून ठेवतो: तिथे संख्याशास्त्र असतं, आणि त्यात खरोखरची आकडेमोड असते.